घोंगडीवरचा प्रश्न

"स्वराज्य आलंय, आता गावाला विचारूनच तलाव बांधायचा," असं सांगत मामलेदार माणदेशातल्या एका धनगरवाडीत आले. खुर्चीवर बसून ते एकेक जागा सुचवत गेले आणि सगळे म्हणत राहिले, "व्हय सायेब." शेवटी त्यांनी मुद्दाम टेकडीचा माथा सांगितला. तरी "व्हय सायेब."

"अहो, तुम्ही खरं बोलता तरी कधी?" त्यांनी नवलानं विचारलं.

"घोंगडीवर," म्हातारा अर्जुना म्हणाला. "आमचा न्यायनिवाडा तिच्यावरच व्हतो. तिच्यावर बसला, त्यानं खोटं बोलायचं न्हाई."

मामलेदारांनी बूट काढले आणि घोंगडीवर मांडी घातली. मग वाडी बोलायला लागली. वरच्या ओढ्यात पाणी ठरत नाही, खालच्या वळणाला मात्र चैत्रातही ओल असते, तलाव तिथंच पायजे. साहेब भराभरा लिहून घेत होते.

मागं उभी असलेली भामाबाई म्हणाली, "सायेब, तुमीबी घोंगडीवर बसलाय. आता आमी इचारू?"

"विचारा की."

"जागा आधीच ठरलीया का?"

मामलेदारांनी एकदा बुटांकडं पाहिलं. मग पिशवीतून सह्या-शिक्के झालेला नकाशा काढला आणि घोंगडीवर पसरला.