मामाला विचार

"मला नको सांगूस. मामाला सांग," असं म्हणत ताईने लेकीचा हात धरला आणि तिला थेट लाँड्रीत आणलं.

चिंगी चौदा वर्षांची. दुपारी शाळेतून फोन आला म्हणून ताई हातातलं काम टाकून धावली होती. बाईंनी रुमालात गुंडाळलेली एक बाटली तिच्यासमोर ठेवली. खोकल्याच्या औषधाची होती, पण आत औषध नव्हतं. वास घेतला आणि ताईला कळलं, दारू होती.

"सगळेच घेतात, आई," चिंगी वाटभर पुटपुटत होती. "दोन घोट घेतले. मी काय लगेच दारुडी झाले?"

"मामाही पहिल्यांदा दोनच घोट प्यायला होता."

लाँड्रीत ताई इस्त्री विभागाची मुकादम होती. तिचा धाकटा भाऊ तिथेच चादरींच्या घड्या घालायचा. चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस. दहा-दहा चादरींचे गठ्ठे बांधायचे, एवढंच त्याचं काम. पण सहावी की सातवी, यावर तो अडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. दिवस संपत आला की ताई गुपचूप त्याचे अपुरे गठ्ठे पुरे करायची. मालक म्हणायचे, "भावासाठी एवढं करणारी बहीण मी पाहिली नाही." ताई तेवढ्यात कुणाला तरी हाक मारायची आणि तिथून निघून जायची.

चौदाव्या वर्षापासून चार वर्षं दारू आणि गोळ्या. मग एक दिवस तो शाळेच्या मागे बेशुद्ध सापडला. त्याला सगळं सोडून आता सोळा वर्षं झाली होती. ताईने एकही डॉक्टर बाकी ठेवला नव्हता. शेवटच्याने फाइल मिटून सांगितलं होतं, "वाढत्या वयात मेंदू कच्चा असतो, बाई. तेव्हाच मार बसला. जुनं त्याला आठवेल. नवं टिकवणं अवघड आहे."

"अरे, चिंगी!" मामाचा चेहरा उजळला. "कितवीत गं तू आता?"

हे त्याने सकाळीही विचारलं होतं. एरवी चिंगी "बारावी नापास" म्हणायची आणि दोघं खो-खो हसायचे. आज ती हळूच म्हणाली, "नववीत, मामा."

"सांग तिला," ताई म्हणाली. "हिच्याएवढा होतास तेव्हा कसा होतास, ते सांग. आणि नंतर काय झालं तेही सांग. हिच्या दप्तरात बाटली सापडलीय."

मामाने हातातली चादर खाली ठेवली. मागे इस्त्रीची वाफ फुसफुसत होती.

"मला अख्ख्या गल्लीचे फोन नंबर पाठ होते," तो म्हणाला. "लोक डायरी बघायचे नाहीत, मला विचारायचे. अजून म्हणून दाखवू शकतो. त्यातल्या निम्म्या घरांत आता ती माणसंही नाहीत." तो हसला, मग थांबला. "पण काल काय झालं विचार. डोक्यात मी दिवा लावतो आणि कुणीतरी येऊन घालवतं. पुन्हा लावतो, पुन्हा घालवतं. तुझी आजी गेली म्हणतात. मी सकाळी तिच्यासाठी चहा ओततो. मग तुझ्या आईचं तोंड बघतो, तेव्हा कळतं. रोज कळतं गं."

चिंगी त्याच्याजवळ सरकली.

"मामा, तुला पहिल्यांदा कोणी दिली?"

"मित्रांनी," ताई पटकन म्हणाली. "वाईट संगत. दुसरं कोण देणार?"

"मी मामाला विचारतेय."

मामा चादरीची किनार बोटांनी सरळ करत राहिला. कपाळावर आठी पडली. ताईने टेबलाची कड घट्ट धरली.

"आठवत नाही गं," तो म्हणाला.

चिंगी त्याच्या गळ्यात पडली. "मी नाही घेणार, मामा. तुझी शपथ. कधीच नाही." ती हुंदके देत राहिली आणि तो तिची पाठ थोपटत राहिला. मग ती तोंड धुवायला नळाकडे गेली.

ताई खुर्चीत कोसळल्यासारखी बसली. दुपारपासून अडकलेला श्वास आता कुठे सुटला. निदान हिला तरी वाचवलं, एवढंच तिच्या मनात आलं.

भाऊ तिच्याजवळ येऊन वाकला. चिंगी नळावर आहे ना, हे त्याने मान वळवून पाहिलं.

"बरोबर बोललो ना, ताई?" तो कुजबुजला. "तुझं नाव कधीच नाही घेतलं मी."