वाढलेली दाढी

दाढी करायची नाही, आंघोळ घालायची नाही, असं वकिलांनी बजावून सांगितलं होतं. अंबूबाईनं ते पाळलं खरं, पण साताऱ्याच्या त्या ऑफिसबाहेर बाकावर लेकाशेजारी बसताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. उंब्रजहून येताना एसटीत शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत राहिली होती.

वीरधवल गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत होता. फौजेतून घरी पाठवल्यापासून तो असाच बसायचा. घास भरवला तर खायचा. उसाच्या फडात ट्रॅक्टर धडधडला की पलंगाखाली शिरायचा. बोलणं मात्र पार आटलं होतं.

चूक अंबूबाईचीच. मागच्या खेपेला फौजेच्या मेडिकल बोर्डानं तपासणीला बोलावलं, तेव्हा तिनं पहाटे उठून त्याला घासूनपुसून न्हाऊ घातलं, दाढी केली, पांढऱ्या शर्टाला इस्त्री मारली, बूट चमकवले. सासरा फौजी, नवरा फौजी. साहेबापुढं गबाळं जाणं या घराला ठाऊकच नव्हतं. बोर्डानं तो रुबाब पाहिला आणि अपंगत्वाची पेन्शन नामंजूर करून टाकली. सरकारचं म्हणजे बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. हात तुटला असता तर दाखवता आला असता. मन कुठून काढून दाखवायचं?

म्हणून हे अपील. सांगलीच्या डॉक्टरांची औषधं सुनेच्या शिलाईवर कशीबशी चालली होती.

"आत्या, आज न्हाई जमलं तर गोळ्या बंदच कराय लागतील," सून संयोगिता सासूला हळूच म्हणाली.

अंबूबाईच्या पिशवीत कंगवा होता. लेकाचे पिंजारलेले केस बघून हात सारखा पिशवीत जात होता आणि तसाच बाहेर येत होता.

नाव पुकारलं. आत तिघे बसले होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नाव काय, झोप लागते का, कुणाची भीती वाटते का. वीरधवल बाईंच्या मागच्या भिंतीकडं बघत राहिला. त्याच्या शर्टाचं बटण भलत्याच काजात होतं. बाईंनी मान हलवून काहीतरी लिहिलं, तशी संयोगितानं सासूचा हात घट्ट धरला. या खेपेला जमणार, असं दोघींनाही वाटलं.

मधले साहेब कधीकाळी फौजेतलेच. आता त्यांनी कागद बाजूला सारला आणि सवयीनं, खड्या आवाजात विचारलं,

"कैसे हो, जवान?"

खुर्ची करकरत मागं सरकली. वीरधवल ताडकन उभा राहिला. टाचा जुळल्या, छाती पुढं आली, हनुवटी वर गेली.

"एकदम ठीक, साब! कोई तकलीफ नहीं, साब!"

खोली दणाणली. साहेबांचा चेहरा खुलला. "शाबास! बरा आहे की गडी." बाईंनी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली.

संयोगिताला रडू फुटलं. "आवं सायेब, घरात एक शब्द बोलत न्हाईत वो हे! ही नुसती फौजेची सवय हाय. आत्या, तुमी तरी सांगा की!"

अंबूबाई उठली. वीरधवल पुन्हा खुर्चीत बसला होता, हात गुडघ्यांवर, नजर भिंतीवर. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि टेबलाजवळ जाऊन हात जोडले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"काय म्हणायचंय, आजी? बोला," साहेब म्हणाले. "कागदात काही राहिलंय का?"

"कागदाचं ऱ्हाऊ द्या, सायेब. लय वरसांनी आवाज ऐकला त्येचा." तिनं पदर तोंडाशी धरला. "आनखी एकदा इचारा की त्येला."