बेसवाल्याची पारख

मिस्त्रींनी दोन्ही कॅबिनेटं भिंतीपासून हातभर पुढे ओढली आणि फडक्याने त्यांच्यावरचा भुसा झटकला. एकात पंधरा इंचांचा एकच स्पीकर होता, दुसऱ्यात दहा-दहाचे दोन. दोन्ही त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती.

"आता तुम्ही कान लावा, भाऊ," ते म्हणाले. "मी लाकडाचा माणूस. मला आपली दोन्ही पोरं गुणीच वाटणार."

बेसवाला हसला. ऑर्डर दिली तेव्हा त्याचे दोन्ही हात धड होते. मग झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने परतला, हात मात्र परतला नाही. म्हणून आज बेस गिटार बायकोच्या गळ्यात होती. इतक्या वर्षांत तिने ती फक्त पुसली होती.

"जाड तार," तो तिला म्हणाला. "मोकळी. अंगठ्याने छेड, पण ओरबाडू नकोस."

तिने तार छेडली. खिडकीची काच थरथरली आणि फळीवरच्या डब्यातले खिळे किणकिणले.

"तो डबा बाहेर ठेवा, मिस्त्री. नाहीतर मी खिळेच पसंत करून जाईन."

मग तो कामाला लागला. काठी टेकत कॅबिनेटच्या मागे गेला, कोपऱ्यात गेला, पार दाराबाहेर उभा राहिला. उजवा तळवा प्लायवर ठेवून बघितला, बोटाच्या पेराने फळी ठोकली. बायकोला गिटारच्या मानेवरचा एकेक पडदा सांगत गेला. ती सगळा जोर एका बोटात आणून तार दाबायची.

पंधराच्या कॅबिनेटवर तिसऱ्या पडद्याला त्याने हात वर केला.

"हा सूर फुगतोय. बाकीचे सरळ चालत येतात. हा एकटा पोट पुढे काढून येतो."

"मला तर सगळे सारखेच वाटले," मिस्त्री म्हणाले. पण त्यांनी मागची फळी उघडली, आत एक आडवी पट्टी आवळून बसवली आणि फळी पुन्हा लावली. बायकोने तोच पडदा दाबला. आता मात्र मिस्त्रींनाही फरक कळला. ते खाली मान घालून हसले.

बायको नवऱ्याकडे बघत होती. घरी तो 'हो', 'नको', 'ठेव तिथे' एवढंच बोलायचा. इथे तो मिस्त्रींची हजेरी घेत होता आणि मिस्त्री ती खुशीने देत होते. तिचं बोट सोलवटून निघालं होतं. तरी ती पुढचा पडदा दाबत राहिली. हे असंच संध्याकाळपर्यंत चालावं, असं तिला वाटत होतं.

"दहाचं," शेवटी तो म्हणाला. "पंधराचं वाईट नाही. पण ते मायाळू आहे, सगळं पोटात घालतं. हे दहाचं बघा, बोट जिथे आहे तिथेच ऐकू येतं. मिस्त्री, आजवर तुम्ही बांधलेल्यांत हे उजवं."

मिस्त्रींनी उगीचच कानावरची पेन्सिल काढून परत कानावर ठेवली.

"आण ती इकडे," तो बायकोला म्हणाला.

तिने त्याला स्टुलावर बसवलं आणि गिटार मांडीवर दिली. उजव्या हाताने त्याने डावा हात उचलला आणि गिटारच्या मानेवर ठेवला. बोटं एकेक करून तारेवर वाकवली. घरी हे रोजचंच होतं. रोज सकाळी खाटेवर बसून, स्पीकरची वायर न जोडता. नुसत्या तारांचा तो बारीक आवाज ऐकून दोघांनाही वाटायचं, जमतंय थोडं थोडं.

त्याने तार छेडली.

ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज झाला. त्याने बोटं नीट केली आणि पुन्हा छेडली. या वेळी तार पडद्यावर खरखरली आणि मेली. तिसऱ्यांदा बोट तारेवरून घसरलं आणि ते घसरणंसुद्धा खोलीभर ऐकू आलं, नखासकट.

तो थांबला नाही. एक साधी चाल होती, चार सुरांची, कुठल्याही शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी देतात ती. ती त्याने चार वेळा धरली. चारही वेळा कॅबिनेटने जे होतं ते सांगितलं.

"थांबा जरा, भाऊ," मिस्त्री म्हणाले. "कुठून तरी हवा गळतेय. सांध्याला डिंक कमी पडला असेल. माझीच चूक."

"नाही, मिस्त्री. सांधे घट्ट आहेत. मी बघितलेत."

स्पीकरमधून नुसती बारीक घरघर येत राहिली. मिस्त्रींनी फडकं उचललं आणि पुसलेलंच कॅबिनेट पुन्हा पुसलं.

"मग हे घरी कधी पाठवू?" त्यांनी विचारलं.

"हे नका पाठवू. ज्याला वाजवता येतं त्याला द्या."

"असं काय बोलता," बायको म्हणाली. ती त्याच्यासमोर खालीच बसली आणि त्याचा डावा हात तिने दोन्ही हातांत घेतला. "डॉक्टर म्हणालेत ना, वर्ष-दीड वर्ष धीर धरा. येईल म्हणालेत हळूहळू."

तो समोरच्या दोन स्पीकरांकडे बघत होता.

"डॉक्टरांनी हे ऐकलेलं नाही," तो म्हणाला.