ओलं फडकं

सिंधुदुर्ग किल्ल्यावरून निघालेली शेवटची होडी निम्म्या वाटेत आली आणि आजीचं लक्ष हातातल्या ओल्या फडक्याकडं गेलं. "भरत्या, होडी मागं घ्याय सांग," ती पप्पांना म्हणाली. भर समुद्रातल्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर बघून ती हरखली होती. संध्याकाळच्या जेवणासाठी तिथलंच पाणी तिनं फडक्यातून तांब्यात गाळून घेतलं. फडक्यात अडकलेले जीव परत त्याच विहिरीत सोडायचे, हा आम्हा जैनांचा नेम मात्र होडीच्या घाईत राहून गेला. मी कपाळाला हात लावला. पप्पा चिडले, "आई, दिवस मावळाय आलाय. मावळल्यावर तू पाण्याचा घोटसुद्धा घेत न्हाईस. इथंच धू की समुद्रात!" "गोड्या पाण्यातले हायत ते. खाऱ्यात कसे जगतील रं?" असं म्हणत तिनं तांब्यातलं पाणी फडक्यावर ओतलं, वाळू नये म्हणून. होडीवाल्यानं होडी वळवली. उरलेल्या पाण्यानं आजीनं विहिरीवरच्या बादलीत फडकं धुतलं. मग बादली पाण्याला अलगद टेकेपर्यंत दोर हळूहळू सोडला. पुन्हा निघालो तेव्हा सूर्य बुडाला होता आणि तांब्या रिकामा होता. होडीवाल्यानं हळूच विचारलं, "आजये, कितके जीव होते गे त्यात?" आजीनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "मोजायचं कशाला? सगळे घरला पोचले न्हवं."