एकही दिवा लागत नाही

“बटण दाबलं तरी एकही दिवा लागत नाही,” फोनवर बाईचा आवाज होता. “भांडी धुवायचं मशीन सकाळपासून नुसतं मेल्यासारखं पडलंय. आत कालची सगळी भांडी तशीच आहेत.”

त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि रिसीव्हर कानाशी नीट धरला. बायकोनं सवयीनं रेडिओ बारीक केला. आज सकाळपासून एकही फोन आला नव्हता, त्यामुळे ते ताजेतवाने होते.

आधी त्यांनी विचारलं, मशीनखाली पाणी साचलंय का. नव्हतं. हात कोरडे आहेत का. बाईनं गाऊनला पुसले. मग त्यांनी मशीनचं दार खट् आवाज येईपर्यंत दाबायला सांगितलं. दार लागलं, दिवे नाहीत.

मागे तान्हं बाळ रडायला लागलं. बाईनं जरा थांबा म्हटलं. ते थांबले. माणूस गोंधळला की त्याला नाकासमोरचं बटणही दिसत नाही, हे त्यांना एव्हाना कळून चुकलं होतं. या मशीनबद्दल त्यांना जे काही येत होतं, ते सगळं असंच फोनवर बोलता बोलता शिकलेलं.

बाई परत आली ती बाळाला खांद्यावर घेऊनच. न विचारताच सांगू लागली. बाळंतपणापासून सासूबाईंनी घर सांभाळलं, त्या आज सकाळी गावी गेल्या. नवरा कामावर. आज पहिल्यांदाच एकटी, आणि आजच हे व्हायचं होतं.

“फ्रिज चालू आहे?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग घरात वीज आहे. आता आधी बाळाला खाली ठेवा. रडलं थोडं तर रडू दे. मशीनचा प्लग काढा आणि तिथे मिक्सर लावून बघा.”

मिक्सर ढिम्म हलला नाही. हे ऐकून त्यांना बरंच वाटलं. म्हणजे मशीन ठणठणीत होतं, वीजच तिथवर पोचत नव्हती. त्यांनी तिला मेन स्विचची पेटी बघायला सांगितली. तिथली सगळी बटणं वर होती.

ते जरा विचारात पडले. मग त्यांनी विचारलं, सासूबाई निघताना स्वयंपाकघरात काय काय आवरून गेल्या?

ती सांगू लागली. बिचाऱ्यांनी ओटा पुसला, डबे भरले, गॅस बंद केला, सगळी बटणं… आणि ती बोलायची थांबली. डबा सरकवल्याचा आवाज आला. पिठाच्या डब्यामागे एक बटण होतं, त्याच्याकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं. पुढच्या क्षणी मिक्सर असा काही घरघरला की बाळ दचकून गप्प झालं आणि ती हसत सुटली.

मशीनचा प्लग परत लावला. दिवे लागले.

“मशीनला काही झालं नव्हतं,” ते म्हणाले. “आणि तुम्हालाही सगळं जमतंय.”

मग तिनं त्यांचं नाव विचारलं. इतकं शांतपणे कुणी समजावत नाही, कंपनीला आवर्जून कळवते म्हणाली. त्याची काही गरज नाही, असं ते हसून म्हणाले. बाळ झोपलं की तुम्हीही झोपा, भांड्यांचं काय ते मशीन बघेल, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

बायको सिंकपाशी भांडी घासत होती. ते फडकं घेऊन शेजारी उभे राहिले आणि ती विसळून देईल ते ताट पुसू लागले.

“झालं का सुरू?” तिनं विचारलं.

“झालं. बाळंतीण होती, एकटीच.”

“बरं केलंत. पण अहो, त्या मशीनच्या खोक्यावर चुकून आपल्या घरचा नंबर छापलाय, हे त्या कंपनीला कधीतरी कळवायला हवं.”

“कळवू की,” ते म्हणाले. “पण हे भांडी धुवायचं मशीन दिसतं तरी कसं, ते आधी एकदा बघायला मिळू दे.”