लोखंड्या

डोक्यानं फुटबॉल मारताना त्याची शिवण आवळणारी जाड चामडी वादी लागून भल्याभल्यांची कपाळं फुटायची. सेंटर फॉरवर्ड क्लेमचं मात्र नऊ हंगामांत एकदाही फुटलं नव्हतं. लँकेशायरच्या गिरण्यांतली माणसं कौतुकानं त्याला ‘लोखंड्या’ म्हणायची.

महायुद्ध संपल्यावरच्या पहिल्याच सामन्यात नव्या विंगरनं कडेनं चेंडू उचलून दिला. क्लेमनं डोक्यानं गोल मारला आणि कपाळातून भळाभळा रक्त आलं.

“काय लोखंड्या, खंदकात गंजलास वाटतं!” सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत जखम पुसताना ट्रेनर बर्ट म्हणाला.

क्लेम समोरच्या रिकाम्या खुंटीकडे बघत होता. तिथं जुना विंगर जेबेझ कोट अडकवायचा. तो फ्रान्सच्या मातीतच राहिला.

“मला वादी लागू नये असा चेंडू फिरवून द्यायचा रे जेबेझ. दर वेळी.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस, लेका?”

“तोच कधी बोलला नाही. मला आत्ता कळलं.”