दोन उंचींचा ओटा

लखनौला इंदिरानगरात घर बांधलं तेव्हा उंचपुऱ्या दिनकररावांनी ओटा ठेंगण्या बायकोच्या मापाने करून घेतला होता. ती गेली, स्वयंपाक त्यांच्याकडे आला, आणि वाकून वाकून कंबर धरू लागली. लेकीने, अंतराने, मिस्त्री बोलावला. “नाप तो मैडम का लेते हैं,” तो म्हणाला. अंतराने वडिलांकडे बोट दाखवलं, तेव्हा त्याने दिनकररावांच्या कोपराखाली भिंतीवर रेघ ओढली आणि जुन्या दगडावर छिन्नी टेकवली. “भैया, रुकिए.” दिनकरराव लेकीकडे वळले. “खिडकीपाशी तुझी आई पोळ्या लाटायची. तेवढा तुकडा राहू दे.” “दो ऊँचाई अटपटी लगेगी, साहब,” मिस्त्री कुरकुरला. “लगने दीजिए,” अंतरा म्हणाली. नव्या ओट्यापाशी ताठ उभं राहून दिनकररावांनी पिठलं केलं. मग खिडकीपाशी स्टूल ओढलं, जुन्या दगडावर ताट ठेवलं आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदाच ते बसून जेवले.